रबरी कोंबडीला कप्पी कशाला? (मंकी आयलंड खेळणाऱ्यांचा धागा)

डोलकाठी | शुक्रवार, रात्री ११:१०

गेले चार दिवस घरात एकच प्रश्न गाजतोय. ताटावर बसलो की तोच, अंथरुणं घालताना तोच. कोंबडीला कप्पी कशाला?

दिवाळीच्या सुट्टीत भाची राहायला आली आहे, सातवीतली. तिच्या टॅबमधले खेळ बघून मामाने 'आमच्या वेळी' सुरू केलं. मग ते सिद्ध करणं आलंच. लॅपटॉपवर 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' चढवला. १९९० सालचा, ल्युकासफिल्म गेम्सचा. रॉन गिल्बर्ट, टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन या त्रिकुटाचं काम.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गायब्रश थ्रीपवुड नावाचा एक लुकडा पोरगा कॅरिबियन समुद्रातल्या मेले नावाच्या बेटावर उतरतो. (भाची: "कोण मेले?" तेव्हापासून आमच्याकडे ते 'कोण-मेले बेट' आहे.) त्याला समुद्री चाचा व्हायचंय. अंगात ताकद नाही, कमरेला तलवार नाही, हौस मात्र दांडगी. गुत्त्यात बसलेले तीन म्होरके त्याला तीन परीक्षा देतात. तलवारबाजीतल्या उस्ताद बाईंना हरव, गव्हर्नरच्या वाड्यातून मूर्ती चोर, पुरलेला खजिना शोधून काढ. पडद्याच्या खालच्या भागात क्रियापदं असतात: उघड, ढकल, ओढ, उचल, दे, वापर. आधी क्रियापदावर टिचकी, मग वस्तूवर. गोळीबार नाही, घड्याळ नाही. डोकं चालवा नाहीतर बसून राहा.

मी हा १९९४ साली हॉस्टेलवर खेळलो होतो आणि पहिल्या भागातच अडकलो. आता त्याच्या पुढे गेलोय, पण पोतडीत एक रबरी कोंबडी आहे, मांत्रिक बाईच्या दुकानातून उचललेली, आणि तिच्या पोटात चक्क कप्पी बसवलेली आहे. विहिरीवर असते तशी. ती कुठे वापरायची ते कळेना. सगळ्यांना दाखवून झाली, सगळ्यांना देऊन झाली.

उत्तर सांगू नका. फक्त बोट दाखवा. भाचीने बजावून ठेवलंय.

---

फ्लॉपीदादा | शुक्रवार, रात्री ११:३२

आहाहा! कुठे नेऊन सोडलंत, डोलकाठीराव.

बोट दाखवतो: किनाऱ्यावर जा आणि मान वर करून बघा. विहिरीचं म्हणालात ना, तेच डोक्यात ठेवा. बस्स.

एक विचारू? १९९४ साली तुमच्याकडे चकती होती का?

---

डोलकाठी | शुक्रवार, रात्री ११:४१

चकती! कसली आठवण काढलीत दादा.

इतरांसाठी: खेळाच्या खोक्यात पुठ्ठ्याच्या दोन गोल चकत्या यायच्या, एकीवर एक बसवलेल्या. एकीवर चाच्यांची कपाळं आणि डोळे, दुसरीवर नाक-हनुवटी. खेळ सुरू झाला की पडद्यावर एक चेहरा यायचा, आणि हा इसम अमुक बंदरात कोणत्या साली फासावर गेला ते विचारायचा. चकत्या फिरवून तो चेहरा जुळवायचा, त्या बंदराच्या नावाच्या खिडकीत साल दिसायचं, ते टाकायचं. खेळाच्या चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून केलेली व्यवस्था.

आणि आमच्याकडे अर्थातच चोरटीच प्रत. चाच्यांच्या खेळाची चाचेगिरी. रूममेटने कुठून तरी चकतीची झेरॉक्स पैदा केली, ती एका लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यावर खळीने चिकटवली आणि मध्ये ड्रॉइंग बोर्डाची पिन टोचली. झेरॉक्स इतकी काळीकुट्ट, की डोळ्यावरची पट्टी कुठली आणि केसांची बट कुठली ते कळायचं नाही. तीन-चार वेळा सालं चुकायची तेव्हा कुठे खेळ उघडायचा. मागच्या बाजूला अजून 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' वाचता यायचं.

---

शेवग्याची_शेंग | शनिवार, सकाळी ७:०५

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' आणि वर फाशीचं साल!

मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचतेय. कोंबडीचं काय झालं ते सांगा.

---

पाचवा_बटाटा | शनिवार, सकाळी ९:२०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

(संपूर्ण उत्तर लिहिलं होतं, सगळ्या परीक्षांसकट. फ्लॉपीदादांचा खासगी निरोप आला. त्यातली भाषा इथे देता येणार नाही.)

---

डोलकाठी | शनिवार, दुपारी १२:४८

सुटलं!!!

किनाऱ्यापासून समोरच्या खडकाळ बेटापर्यंत हवेत एक जाड दोर ताणलेला आहे. चार दिवस तो आम्ही फक्त चित्राचा भाग समजत होतो. भाची म्हणाली, "मामा, कप्पी दोरावरच चालते ना?" कोंबडीची कप्पी दोरावर अडकवली आणि गायब्रश तिला लोंबकळून सर्रर्रकन पलीकडे. ती पोरगी जी किंचाळली, की शेजारच्या काकू काय झालं म्हणून बघायला आल्या.

माझ्या मते इथेच खेळाची खरी गंमत आहे. उत्तर ऐकल्यावर 'हॅ, काहीतरीच' असं होत नाही. 'अरेच्चा, डोळ्यांसमोर तर होतं' असं होतं.

---

खडूस_मास्तर | शनिवार, दुपारी २:१५

माफ करा, विरजण घालतो. या जातीच्या खेळांत कोडं सोडवायचं नसतं, लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखायचं असतं. कोंबडीत कप्पी का? त्याला वाटलं म्हणून. मग खेळणारा काय करतो, पोतडीतली प्रत्येक वस्तू प्रत्येक वस्तूवर घासत बसतो. मी नव्वदच्या दशकात असे आठ-दहा खेळ असेच घासून सोडले.

---

फ्लॉपीदादा | शनिवार, दुपारी ३:००

मास्तर, अर्धं मान्य. पण आठ-दहा खेळांतले निम्मे दुसऱ्या कंपन्यांचे असणार. त्यांत पायरी चुकली की मेलात, पहिल्या प्रसंगात भाकरीचा तुकडा उचलायचा राहिला की शेवटी कळणार, आता मागे जाता येत नाही. या त्रासाला वैतागूनच गिल्बर्टने १९८९ साली एक लेख लिहिला, असे खेळ भिकार का होतात यावर. खेळणाऱ्याला उगाच मारू नका, आणि त्याला न कळत वाट बंद करू नका, हा त्यातला गाभा. मंकी आयलंड त्या लेखाच्या पुढच्याच वर्षीचा. नियम पाळलेत ते दिसतं.

दुसऱ्या बेटावर तर मुद्दाम वेडावलंय. गायब्रश कड्यावरून कोसळतो, 'तुम्ही मेलात, जुना खेळ उघडा' छापाची पाटी येते, काळजात धस्स होतं, आणि दोन क्षणांनी साहेब उसळून परत वर. खाली रबराचं झाड होतं म्हणे.

---

मुक्काम_टोरांटो | शनिवार, रात्री ८:४०

मास्तरांच्या बाजूने एक साक्ष. दुसरा भाग, १९९१. त्यात धबधब्याचा पंप बंद करायचा असतो. नट फिरवायला अवजार नाही. उत्तर काय? एका गुत्त्यात पियानो वाजवणारं माकड आहे. त्याच्यासमोरच्या ताल धरणाऱ्या यंत्रावर केळं ठेवायचं, माकड केळ्याकडे बघत ताठ होतं, ते उचलून खिशात घालायचं आणि पंपाच्या नटाला लावून फिरवायचं. माकड! नटाला!

यामागे इंग्रजी शब्दाचा खेळ आहे. अमेरिकेत त्या जातीच्या पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात. आपल्याकडे पाना म्हणजे पाना. त्यात माकड कुठून येणार? ब्रिटनमध्येसुद्धा हा शब्द रुळलेला नव्हता, तेही अडकले. मी कोल्हापुरात महिनाभर त्या पंपापाशी होतो. बऱ्याच वर्षांनी इथे हार्डवेअरच्या दुकानात एक आजोबा काउंटरवर 'मंकी रेंच' मागत होते आणि मी रांगेत एकटाच मोठ्याने हसलो.

---

सोलकढी_एक्स्प्रेस | शनिवार, रात्री ९:०२

मग मराठीत हा खेळ काढला असता तर ते कोडं कसं केलं असतं? आपल्याकडे बंदुकीला घोडा असतो. तोफेचा घोडा तुटलाय, सबब तबेल्यातून खराखुरा घोडा आणून बांधा.

---

मुक्काम_टोरांटो | शनिवार, रात्री ९:१०

दंडवत. हे मूळ कोड्यापेक्षा बरं आहे.

---

डोलकाठी | शनिवार, रात्री १०:२५

आता माझं १९९४ चं दुखणं सांगतो, कारण तेही याच जातीचं निघालं.

पुलावर एक राक्षस बसलेला असतो. त्याला जकात हवी असते, पण पैसे नकोत. लक्ष वेधून घेईल पण जिचा उपयोग शून्य अशी वस्तू आण म्हणतो. इंग्रजीत अशा भुलवणाऱ्या गोष्टीला 'रेड हेरिंग' म्हणतात, म्हणजे शब्दशः लाल मासा. तो मासा गुत्त्याच्या स्वयंपाकघरामागच्या धक्क्यावर पडलेला असतो. एक तर मला तो वाक्प्रचार माहीत नव्हता. दुसरं म्हणजे हॉस्टेलवरचा मॉनिटर काळा-पांढरा! लाल मासा आम्हाला करडाच दिसायचा. अख्खं सेमिस्टर मी त्या राक्षसासमोर उभा होतो.

---

शेवग्याची_शेंग | शनिवार, रात्री १०:४०

मराठीत 'गाजर' करा की! दाखवायचं असतं, द्यायचं नसतं. रंगही साधारण जमतोय.

---

फ्लॉपीदादा | शनिवार, रात्री १०:४४

ताई, तुम्ही म्हणे 'ओ की ठो'! गाजर पक्कं.

---

डोलकाठी | रविवार, सकाळी १०:१५

आता मुख्य मुद्द्यावर येतो, कारण आम्ही तलवारबाजीपाशी पोचलोय.

या खेळात तलवारीने कोणी जिंकत नाही, तोंडाने जिंकतं. समोरचा टोमणा मारतो, तुम्ही चपखल उत्तर दिलंत की तो मागे सरकतो. उत्तर सुचलं नाही तर तुम्ही मागे. सुरुवातीला तुम्हाला दोनच बोबडी वाक्यं येतात, त्यामुळे दणकून हरायचं. हरताना कानावर पडलेला टोमणा आपल्या वहीत जमा होतो. पुढच्याला तोच मारायचा, त्याने उत्तर दिलं की तेही जमा. रस्त्यात दिसेल त्या चाच्याशी भांडत शिकायचं.

टोमणे इंग्रजीत. भाचीला अर्थ कळतो पण हसू येत नाही. मूळचा सगळ्यांत गाजलेला टोमणा म्हणजे तू गवळ्यासारखा लढतोस, आणि उत्तर असं की चाललंय ते ठीकच, तू गाईसारखा लढतोयस. आता आपल्याकडे गाय म्हटलं की लोक हात जोडतील. म्हशीवर आणावं लागलं:

— म्हशी राखणाऱ्यासारखा लढतोस तू!
— मग काय करू, समोर म्हैस आल्यावर?

इथवर जमलं. पुढचे मराठीत कोणी करून देईल का?

---

सोलकढी_एक्स्प्रेस | रविवार, सकाळी १०:३१

घ्या बोहनी.

— तलवार धरलीयस की उलथनं?
— करपलेलं उलटायलाच आलोय.

---

पाचवा_बटाटा | रविवार, सकाळी १०:५०

— तुझ्या आजोबांनाही पाणी पाजलंय मी!
— पाणक्याचं काम अजून सुटलं नाही वाटतं!

(कालच्या पापाचं प्रायश्चित्त.)

---

फ्लॉपीदादा | रविवार, सकाळी ११:२०

थांबा, थांबा. सोपं नाहीये ते. खरी मेख पुढे आहे.

रस्त्यावरच्या चाच्यांकडून जोड्या शिकलात की तुम्ही उस्ताद बाईंकडे जाता, आणि त्या वेगळेच टोमणे मारतात, कधी न ऐकलेले. उत्तरं मात्र तुमच्याकडे जुनीच. म्हणजे प्रत्येक उत्तर असं हवं की ते दोन वेगळ्या टोमण्यांवर बसलं पाहिजे. लिहिणाऱ्यांची कमाल तिथे आहे. पाठांतराने पहिली फेरी सुटते, दुसरीला अर्थ लावावा लागतो.

त्यामुळे मंडळी, एका उत्तराला दोन टोमणे. नाहीतर बाद.

---

पाचवा_बटाटा | रविवार, सकाळी ११:४५

माझं बसतंय. उस्ताद बाई म्हणतात, "तुझ्या तोंडचं पाणी पळवीन!" उत्तर तेच: "पाणक्याचं काम अजून सुटलं नाही वाटतं!"

---

शेवग्याची_शेंग | रविवार, दुपारी १२:०२

आई गं! हे ग्रेट आहे. मी पण:

चाचा: तुझ्यासारखे छप्पन्न लोळवलेत मी!
बाई: या तलवारीने घेतलेले बळी ताऱ्यांइतके आहेत!
उत्तर दोघांनाही: मोजून कोणी दिले? तुला तर वीसच्या पुढे येत नाही.

---

सोलकढी_एक्स्प्रेस | रविवार, दुपारी १२:१५

माझं उलथनं वाचवतो. बाई: "माझ्या तेजापुढे भलेभले करपून गेले!" — "करपलेलं उलटायलाच आलोय."

---

कुलाबकर | रविवार, दुपारी १:३०

अवांतर: चाचे चाचे म्हणून हसताय, पण इंग्रजांच्या कागदांत कान्होजी आंग्र्यांनाही 'पायरेट'च म्हटलेलं आहे. दस्तक, म्हणजे परवाना, न घेता जाणारं गलबत अडवणारा माणूस ज्याचं गलबत अडवलं त्याला चाचाच वाटणार. आमच्या अलिबागच्या किल्ल्यासमोर उभं राहून हा खेळ खेळून बघा, टोमणे आपोआप सुचतील.

---

खडूस_मास्तर | रविवार, दुपारी १:५५

आंग्र्यांचा वेगळा धागा काढा, तिथे येतो. इथे मला बाईंना द्यायचंय एक.

चाचा: माझं नाव ऐकलं की बंदरातली कुत्रीसुद्धा पळून जातात!
बाई: मी आले की अख्खा बाजार ओस पडतो!
उत्तर: आंघोळ कर, परत येतील.

---

फ्लॉपीदादा | रविवार, दुपारी १:५७

मास्तर!!! हे आजचं सर्वोत्तम. विरजण माफ.

---

मुक्काम_टोरांटो | रविवार, संध्याकाळी ६:३०

+१ मास्तरांना.

रच्याकने (जाता जाता), तुरुंगाचं कोडं झालं का? गुत्त्यातली ती ग्रॉग नावाची दारू, रॉकेलबिकेल असलेली, धातूच्या पेल्यालाही भोक पाडते. ती नेऊन तुरुंगाच्या कुलपावर ओतायची असते, पण वाटेतच पेला विरघळायला लागतो. मग रिकामे पेले घेऊन निघायचं आणि एक गळायला लागला की दुसऱ्यात ओतत पळायचं. लग्नाच्या पंगतीत गळक्या द्रोणातला रस्सा सांभाळत बसलेल्या कोणालाही हे शिकवावं लागत नाही.

ग्रॉग ही खरी चीज आहे, बरं का. ब्रिटिश आरमारात १७४० साली व्हर्नन नावाच्या ॲडमिरलने खलाशांच्या रममध्ये पाणी घालायला लावलं, ती ग्रॉग. खेळातली मात्र शुद्ध थाप. तरी २००९ साली अर्जेंटिनातल्या एका वृत्तवाहिनीने खेळातलीच ती यादी खरी समजून, तरुणांत नवं घातक पेय पसरलंय अशी गंभीर बातमी दिली होती.

---

डोलकाठी | सोमवार, रात्री ९:४०

अहवाल.

बाई हरल्या. भाचीने नियम केला, पडद्यावर इंग्रजी उत्तर निवडायच्या आधी आपलं मराठी मोठ्याने म्हणायचं. कमरेवर हात ठेवून 'आंघोळ कर, परत येतील' झालं तेव्हा तिची आजी स्वयंपाकघरातून "कोणाला म्हणतेस गं?" करत आली.

खजिनाही मिळाला. नकाशा म्हणून जे विकत घेतलं ती नाचाच्या पावलांची पाटी निघाली. डावं, उजवं, मागे, त्याच हिशोबाने जंगलात वळत जायचं. खणल्यावर पेटीत काय, तर टी-शर्ट! 'खजिना शोधला आणि हाती हा भिकार टी-शर्ट आला' अशा अर्थाचं काहीतरी छापलेला. भाची रुसली. मी मात्र खूश, कॉलेजच्या गॅदरिंगला राबून आम्हालाही तेच मिळायचं.

मग मूर्तीची चोरी. पकडला गेला, मूर्तीला बांधून समुद्राच्या तळाशी टाकला. गायब्रश आधीपासून फुशारकी मारत असतो की मी दहा मिनिटं श्वास रोखू शकतो, तो हा प्रसंग. आजूबाजूला तलवारी, कोयते, धारदार वस्तूंचा नुसता खच, आणि एकाही वस्तूपर्यंत हात पोचत नाही. दोर कापायचा कसा? मी घामाघूम. फ्लॉपीदादा, बोलू नका!

---

फ्लॉपीदादा | सोमवार, रात्री ९:४३

मी कुठे बोललो. पण दहा मिनिटं म्हणजे खरंच दहा मिनिटं. अख्ख्या खेळात मरायची सोय फक्त तिथेच आहे. एकदा मुद्दाम थांबून बघा, मेल्यावर खालची क्रियापदं बदलतात.

---

डोलकाठी | सोमवार, रात्री १०:२०

थांबलो! पोरगं आधी जांभळं, मग हिरवं. आणि 'उचल', 'ढकल'च्या जागी तरंग, फुग, कुज असली क्रियापदं. एक तर 'सूचनांचं पुस्तक मागवा' असं. मेलेल्यालाही गिऱ्हाईक करायचं सोडलं नाही.

मग परत उघडला. भाची म्हणाली, "मूर्ती जड आहे म्हणून तो बुडालाय ना? मग मूर्तीच उचलू." उचल, मूर्ती. गायब्रशने ती काखोटीला मारली आणि शांतपणे चालत वर आला.

मी अभियंता आहे. लोड कॅल्क्युलेशन करतो पोटासाठी.

---

खडूस_मास्तर | सोमवार, रात्री १०:३५

हे कोडं मात्र न्याय्य आहे. माझे शब्द अर्धे मागे घेतो. लिंक द्या, कुठून विकत घ्यायचा?

---

फ्लॉपीदादा | सोमवार, रात्री १०:५०

२००९ ची नव्या चित्रांची आवृत्ती ऑनलाइन मिळते, स्वस्तही असते सेल लागला की. त्यात एक कळ दाबली की जुनी चित्रं येतात, परत दाबली की नवी. जुन्या फाइल्स हातात असतील तर स्कमव्हीएम नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, २००१ पासून स्वयंसेवक सांभाळताहेत, फोनवरसुद्धा चालतो. पहिले दोन भाग ओळीने खेळा, मग १९९७ चा तिसरा, हाताने रंगवलेला. चौथा नाही खेळलात तरी चालेल, असं माझं मत. भांडायला येऊ नका.

---

मुक्काम_टोरांटो | मंगळवार, पहाटे ५:१०

चौथ्याबद्दल भांडायला कोणीच येणार नाही.

सप्टेंबर २०२२ चा नवा भाग विसरू नका. गिल्बर्ट आणि ग्रॉसमन परत एकत्र आले. गिल्बर्टने ब्लॉगवर जाहीर केलं ते नेमकं एक एप्रिलला, त्यामुळे कोणी विश्वासच ठेवला नाही. नंतर चित्रशैलीवरून लोकांनी त्याला इतकं पिडलं की त्याने त्या खेळाबद्दल ब्लॉगवर लिहिणंच थांबवलं. मला चित्रं आवडली. आणि त्यात सूचनांचं पुस्तक पोतडीतच मिळतं, विचारलं तर आधी आडून आडून सांगतं. अगदी फ्लॉपीदादांसारखं. शेवटाबद्दल इथे बोलत नाही, मास्तर खेळायचेत अजून.

---

नवा_भिडू_१०१ | मंगळवार, सकाळी ८:२२

नमस्कार, धागा वाचला नाहीये, घाईत आहे. धक्क्यावर मासा आहे, उचलायला गेलं की पक्षी येतो. काय करू?

---

डोलकाठी | मंगळवार, सकाळी ८:३०

मासा नाही म्हणायचं, गाजर म्हणायचं.

भाचीकडून बोट: फळीच्या टोकावर पाय देऊन बघा.